सैनिकी अपंगत्व निवृत्तिवेतन

भारतीय सेनादलांतील जवानाला किंवा अधिकाऱ्याला सैनिकी सेवेमुळे जडलेल्या अथवा सेवेमुळे बळावलेल्या अपंगत्वाबद्दल मिळणारे निवृत्तिवेतन. भूसेनेच्या 1961 च्या निवृत्तिवेतन विनियमांतील 173 व्या विनियमानुसार अपंगत्व किमान 20 टक्के असावे लागते. ते लढाईतच आलेले असावे अशी अट त्यात नाही. युद्धातील जखमेसाठी वेगळी आणि चढ्या दराची तरतूद असल्यामुळे अपघात, आजार व सरावातील इजा यांबद्दलचे निवृत्तिवेतन ही केवळ मेहेरबानी होय, असा समज काही ठिकाणी आढळतो. मूळ नियमांच्या शब्दांत त्याला आधार नाही.

‘सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले’ हा जोडशब्दप्रयोग बहुधा ब्रिटिश परंपरेतून आला असावा. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये आधी ‘उद्भवलेले’ एवढीच कसोटी होती आणि आजारी सैनिकांची संख्या वाढल्यावर ‘बळावलेले’ हा दुसरा पर्याय जोडला गेला, असे सामान्यतः मानले जाते. दुसरा टप्पा 1943 चा. त्या वर्षी तेथे पुराव्याचा भार दावेदार सैनिकावरून काढण्यात आला. भारतातील 1982 च्या पात्रता नियमांवर या दुसऱ्या टप्प्याची छाप अधिक स्पष्ट दिसते. भरतीच्या वेळी ज्याची नोंद झालेली नाही असा विकार पुढे सेवेतच जडला, असे सर्वसाधारणपणे धरावे. दावेदाराला पात्रता सिद्ध करायला लावू नये. आणि वाजवी संशयाचा फायदा त्यालाच द्यावा, असे हे नियम सांगत.

प्रत्यक्षात निर्णय वैद्यकीय मंडळाच्या हाती असतो. मंडळाच्या नमुन्यात प्रत्येक विकारापुढे सेवेमुळे उद्भवला काय, सेवेमुळे बळावला काय, की सेवेशी संबंध नाही, असे रकाने असून त्यांत ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहून शेवटी कारण द्यायचे असते. पहिल्या दोन्ही रकान्यांत ‘नाही’ पडले, की ‘नायदर अ‍ॅट्रिब्यूटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड’ (ना उद्भवलेले, ना बळावलेले) या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्या प्रकरणाला ‘नाना’ म्हटले जाते. कारणाच्या जागी पुष्कळदा ‘विकार शरीरप्रकृतिजन्य आहे’ (म्हणजे मुळातच प्रकृतीत असलेला) एवढेच लिहिलेले आढळते. 1985 मध्ये भरती झालेल्या आणि अपस्माराच्या झटक्यांमुळे 1994 मध्ये 20 टक्के अपंगत्व ठरवून ‘बोर्ड आउट’ केलेल्या (वैद्यकीय कारणावरून सेवेतून कमी केलेल्या) शिपायाच्या प्रकरणात (धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार, 2013) सर्वोच्च न्यायालयाने कारण न देता दिलेला असा अभिप्राय पुरेसा मानला नाही आणि निवृत्तिवेतन मंजूर केले. राजबीर सिंग प्रकरणात (2015) हीच भूमिका कायम राहिली. याउलट नरसिंग यादव प्रकरणात (2019) स्किझोफ्रेनियासारखा मानसिक विकार भरतीच्या तपासणीत दिसून येईलच असे नाही, त्यामुळे केवळ नोंद नाही म्हणून तो सेवेमुळेच झाला असे धरता येणार नाही, असे म्हटले गेले. दोन्ही मतांना आधार असला, तरी तपासणी करून सुदृढ म्हणून माणसाला दलात घेणारी आणि त्याच्या प्रकृतीच्या साऱ्या नोंदी स्वतःजवळ ठेवणारी संस्था शासनच असल्याने, कारण दाखवण्याची जबाबदारीही शासनाची, हे पहिले मत अधिक न्याय्य वाटते.

रजेवरील इजा हा सर्वांत वादग्रस्त भाग होय. मदनसिंग शेखावत प्रकरणात (1999) रजेवर स्वखर्चाने घरी निघालेल्या सैनिकाला रेल्वेतून उतरताना अपघात होऊन हात गमवावा लागला; मंजूर रजेचा प्रवास कर्तव्यातच मोडतो, असे न्यायालयाने ठरवले. पण गावी पोहोचल्यावर झालेल्या अपघातात सेवेशी कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो. जुझार सिंग प्रकरणात (2011) वार्षिक रजेत झालेल्या अपघाताला तो आढळला नाही. रजा ही सेवेतच मोजली जाते, मग प्रवास आत आणि घर बाहेर ही रेषा तर्काने पटवणे अवघड आहे.

31 जानेवारी 2001 च्या शासकीय पत्राने प्रकरणांची ‘अ’ ते ‘इ’ (इंग्रजी A ते E) अशी पाच गटांत विभागणी केली. कर्तव्यावरील वाहन-अपघात किंवा विजेचा धक्का ‘क’ गटात, तर युद्धातील इजा ‘इ’ गटात येते. 100 टक्के अपंगत्वासाठी साधारण अपंगत्वांश (निवृत्तिवेतनातील अपंगत्वापोटीचा भाग) अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के धरला जातो. 50 टक्क्यांखालील अपंगत्व 50 टक्के मानण्याची सवलत सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही राम अवतार प्रकरणाने (2014) मिळाली. सातव्या वेतन आयोगाने टक्केवारीऐवजी दरमहा 27,000, 17,000 आणि 12,000 रुपये असे हुद्द्यानुसार ठोक दर सुचवले होते. विरोधानंतर टक्केवारीच कायम राहिली.

21 सप्टेंबर 2023 पासून सेवा सोडणाऱ्यांना नवे पात्रता नियम लागू आहेत. उच्च रक्तदाब व मधुमेह यांवरील दाव्यांची वाढती संख्या ही त्यांमागील मुख्य चिंता दिसते. असे विकार अतिउंचावर किंवा युद्धसदृश क्षेत्रात सुरू झाले, तर ते सेवेने बळावले असे मानणे सोपे जाते. शांत ठाण्यावर सुरू झाले तर कठीण. कुटुंबापासूनचा दुरावा, रात्रपाळीचे पहारे आणि वारंवारच्या बदल्या शांत ठाण्यावरही चुकत नाहीत, ही बाब या विभागणीत झाकली जाते.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसारख्या संस्थांत प्रशिक्षण घेताना अपंग होणारे छात्र या निवृत्तिवेतनाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची नियुक्ती अद्याप झालेली नसल्याने त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, सानुग्रह मासिक रक्कम मिळते.