दगड, ब्राँझ आणि पाणी: हुतात्म्यांची नावं किती काळ टिकतात?

वॉशिंग्टनहून दक्षिणेकडे निघालं की पन्नास-साठ किलोमीटरवर व्हर्जिनिया राज्यात ट्रायँगल नावाचं छोटं गाव लागतं. अमेरिकी मरीन कोअरचा क्वाँटिको इथला मोठा तळ त्याच्या शेजारीच आहे. मरीन म्हणजे जहाजातून किनाऱ्यावर उतरून लढणारं सैन्यदल, १७७५ साली उभं राहिलेलं. २००६ साली या गावात मरीन कोअरचं राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. इमारतीतून २१० फूट उंचीचा तिरका सुळका आभाळात गेलेला दिसतो. १९४५ साली, दुसऱ्या महायुद्धात, जपानच्या इवो जिमा बेटावर मरीन सैनिकांनी रोवलेल्या झेंड्याच्या काठीचा तो कल. संग्रहालयाला लागून झाडीतून वळणं घेत जाणाऱ्या पायवाटा आहेत. हे सेम्पर फिडेलिस मेमोरियल पार्क. वाटेने चालताना थोड्या थोड्या अंतरावर स्मारकं भेटतात: कुठे एखाद्या तुकडीचं, कुठे एखाद्या लढाईचं, कुठे परत न आलेल्या सोबत्यांचं.

ही स्मारकं बघायला येणाऱ्यांत म्हातारे सैनिक असतात, मुलं गमावलेले आईबाप असतात. त्यांची एकच अपेक्षा असते, नाव टिकावं. ते किती काळ टिकेल याचं उत्तर रसायनशास्त्र आणि भूशास्त्र देतं, आणि त्या उत्तरात एक पात्र सारखं पुढे येतं: पाणी. ऊन, वारा, धूर, शेवाळ हे सगळे दगडाला त्रास देतातच, पण पाण्याची साथ नसेल तर त्यांचं फारसं काही चालत नाही.

आधी ग्रॅनाइट घेऊ. अमेरिकेत स्मारकासाठी सर्वांत जास्त पसंती याच दगडाला. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, फेल्स्पार आणि अभ्रक हे त्याचे मुख्य घटक. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. गारगोटीला या आम्लाने काही होत नाही. फेल्स्पार मात्र हळूहळू बदलतो. त्यातलं पोटॅशियम, सोडियम पाण्याबरोबर निघून जातं आणि मागे पांढरी चिनी माती उरते. शाळेच्या भूगोलात आपण ज्याला रासायनिक विदारण म्हणून शिकलो, ते हेच. ताज्या, गुळगुळीत पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर ही क्रिया इतकी सावकाश चालते की एका माणसाच्या आयुष्यात डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही.

याचं मुख्य कारण ग्रॅनाइटची घडण. त्यातले स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात आणि मधली रिकामी जागा साधारण एक टक्क्याहूनही कमी असते. पाणी आत शिरायला वाटच नसते. वालुकाश्मात हीच पोकळी दहा-वीस टक्क्यांपर्यंत जाते, आणि भाजलेल्या विटेत त्याहूनही जास्त असू शकते. अशा पार्कांमध्ये नावं कोरलेल्या विटांच्या वाटा करण्याची पद्धत आहे. कुटुंबं देणगी देतात आणि आपल्या माणसाच्या नावाची वीट बसवून घेतात. भावना ग्रॅनाइटइतकीच खरी असते, पण वीट पाणी पिते.

पाणी पिण्यात एवढं वाईट काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला पटकन लक्षात येणार नाही, कारण आपल्याकडे ते पाणी आत गोठत नाही. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं. विटेच्या किंवा दगडाच्या सूक्ष्म छिद्रात अडकलेलं पाणी गोठलं की ते भिंतींवर आतून दाब देतं. बर्फ वितळला की पाणी त्या नव्या फटीत आणखी आत सरकतं आणि पुढच्या रात्री पुन्हा गोठतं. म्हणून सतत कडाक्याची थंडी असलेल्या जागेपेक्षा जिथे पारा हिवाळाभर शून्याच्या खाली-वर होत राहतो, ती जागा दगडाला जास्त घातक. उत्तर व्हर्जिनिया नेमकी अशी जागा आहे. दिवसा चार-पाच अंश आणि रात्री उणे, असे दिवस तिथे हिवाळ्यात पुष्कळ येतात. त्यात वाटेवर कोणी घसरू नये म्हणून मीठ टाकलं की भर पडते: मिठाचं पाणी विटेत शिरतं, सुकताना आत स्फटिक धरतं, आणि त्या स्फटिकांचाही दाब पडतो. विटेचा वरचा पापुद्रा सुटतो, आणि नाव त्या पापुद्र्यावरच कोरलेलं असतं.

थंडीचा विषय निघालाच आहे तर याच पार्कमधल्या एका स्मारकाबद्दल सांगायला हवं. ४ मे २०१७ रोजी इथे चोसिनच्या लढाईचं अष्टकोनी स्मारक उभं राहिलं. १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उत्तर कोरियातल्या चोसिन जलाशयाच्या डोंगराळ भागात मरीन आणि त्यांचे साथीदार संख्येने कितीतरी मोठ्या चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडले होते. रात्री तापमान उणे तीस अंश सेल्सियसच्याही खाली जाई. जखमींना द्यायच्या रक्तद्रवाच्या बाटल्या गोठून निकामी होत. मॉर्फिनच्या कुप्या वितळलेल्या राहाव्यात म्हणून सैनिकी वैद्यक त्या तोंडात धरून फिरत. कोतो-री या गावी बर्फाचं वादळ निवळलं आणि ढगांतून एकच तारा दिसला. दुसऱ्या दिवशी विमानांची मदत मिळणार याची ती खूण होती. स्मारकाच्या माथ्यावर तोच तारा आहे. त्या माणसांचा जीव ज्या गोठण्याने घेतला, तेच गोठणं दर हिवाळ्यात त्यांच्या स्मारकांच्या सांध्यांशी झटत असतं. म्हणूनच स्मारकाचा आराखडा करणारे जाणते लोक दगडाइतकाच पायाचा आणि उताराचा विचार करतात. पाणी कुठे साचू नये, सांध्यातला चुना किंवा सीलंट फाटू नये, पाया गोठणाऱ्या मातीच्या थराखाली जावा. उद्घाटनाच्या भाषणांत याचा उल्लेख कोणी करत नाही, पण स्मारकाचं आयुष्य यावरच ठरतं.

आता पार्कमधल्या घोडीकडे वळू. तिचं नाव रेकलेस. कोरियन युद्धात मरीननी तिला दारूगोळा वाहायला ठेवलं होतं. मार्च १९५३ मध्ये ‘आउटपोस्ट व्हेगस’च्या लढाईत एका दिवसात तिने ५१ फेऱ्या मारल्या, त्यातल्या बऱ्याचशा एकटीने, बरोबर माणूस नसताना. वर जाताना तोफगोळे, खाली येताना जखमी. तिला सार्जंटचा हुद्दा मिळाला. २६ जुलै २०१३ रोजी या पार्कमध्ये जोसेलिन रसेल यांनी घडवलेला तिचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. पाठीवर गोळे लादलेली घोडी चढ चढते आहे आणि स्नायू ताणलेले आहेत. युद्धात गेलेल्यांच्या स्मारकांमध्ये एका मुक्या जनावरालाही जागा मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

ब्राँझ म्हणजे परंपरेने तांबं आणि कथील. आज अमेरिकेतल्या कलात्मक ओतकामात बऱ्याचदा कथिलाऐवजी चार टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन घालतात, कारण तो मिश्रधातू साच्यात चांगला वाहतो आणि जोडायलाही सोपा जातो. ताजं ब्राँझ सोनेरी-गुलाबी दिसतं. पुतळ्यावर दिसणारा तपकिरी रंग हा रंगारी लावतो तो रंग नव्हे. धातू बर्नरने तापवून त्यावर लोहाचे, तांब्याचे क्षार किंवा गंधकयुक्त द्रावण फवारतात आणि पृष्ठभागावरच रंगीत संयुगं तयार करतात.

हे रसायनशास्त्र आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकते आणि कडेला हिरवट थर दिसतो. उघड्यावरचा पुतळाही कळकतच असतो, फक्त पायऱ्यापायऱ्यांनी. आधी तांब्याचा लालसर-तपकिरी ऑक्साइड. मग हवेतल्या सल्फर डायऑक्साइडमुळे हिरवं सल्फेट, ज्याला ब्रोकँटाइट म्हणतात. समुद्राजवळ किंवा रस्त्यावरच्या मिठाच्या सान्निध्यात क्लोराइड. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ साली तपकिरी होता. वीसेक वर्षांत हिरवा झाला. हा हिरवा थर सगळीकडे सारखा बसला तर धातूला थोडंफार झाकतो. पण पाणी तसं होऊ देत नाही. जिथून पाऊस ओघळतो तिथे फिकट हिरवे पट्टे उमटतात आणि धातू झिजतो, जिथे पाणी पोचत नाही तिथे काळी काजळी साचते. चेहऱ्यावरून हिरवे अश्रू वाहिल्यासारखे दिसणारे जुने पुतळे यातूनच होतात. सर्वांत वाईट गोष्ट क्लोराइडची: आत दडलेलं तांब्याचं क्लोराइड ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की हिरव्या भुकटीत बदलतं, त्यातून आम्ल सुटतं, ते आणखी तांबं खातं, आणि हे चक्र चालू राहतं. संग्रहालयांतले तज्ज्ञ याला ब्राँझचा रोगच म्हणतात.

यावरचा इलाज ऐकायला अगदी साधा आहे: मेण. वर्षातून एकदा पुतळा साध्या, उदासीन साबणाने मऊ ब्रशने धुतात. पक्ष्यांची विष्ठा आधी काढतात, कारण ती आम्लधर्मी असते. पुतळा पूर्ण वाळला की बर्नरच्या ज्योतीने एकेक भाग तापवतात. छिद्रांतला उरलासुरला ओलावा उडून गेला की गरम धातूवर ब्रशने मेण फिरवतात; ते क्षणात वितळून बारीक खाचांत उतरतं. मानेची आयाळ, खोगिराचा पट्टा, खुराच्या मागची बाजू, असं सगळीकडे हात पोचवावा लागतो. गार झाल्यावर कापडाने घासतात. आता पावसाचा थेंब धातूला टेकतच नाही, मेणावरून घरंगळतो. पुढच्या उन्हाळ्यात मेण विरतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. काही ठिकाणी मेणाखाली तांब्याशी बांधून घेणारं रसायन मिसळलेलं पारदर्शक लॅकरही देतात.

वॉशिंग्टनला लागून असलेल्या आर्लिंग्टनमधलं मरीन कोअरचं युद्धस्मारक तर जगभर ओळखीचं आहे. फेलिक्स डी वेल्डन यांनी घडवलेल्या, ३२ फूट उंचीच्या त्या सहा ब्राँझ आकृत्या झेंडा रोवताहेत. प्रत्यक्षातल्या त्या सहा जणांपैकी तिघे इवो जिमावरून जिवंत परतले नाहीत. १० नोव्हेंबर १९५४ रोजी त्याचं लोकार्पण झालं. चौथऱ्याचा दगड स्वीडनमधला काळा ग्रॅनाइट, आणि त्यावर लढायांची नावं सोन्याच्या वर्खात. अलीकडच्या मोठ्या डागडुजीत ब्राँझची निगा राखली गेली, आणि नावांवर नव्याने वर्ख चढवला गेला. सोनं गंजत नाही हे खरं, पण वर्ख मिलिमीटरच्या हजारो भागांतल्या एखाद्या भागाएवढा पातळ असतो आणि खालचा चिकट थर पाण्याने सुटला की तो निघून येतो.

हा ‘काळा ग्रॅनाइट’ भूशास्त्राच्या दृष्टीने बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. व्यापारात ते नाव पडलंय इतकंच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे रासायनिक घडणीने आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टचा सख्खा भाऊ. बेसाल्टचा लाव्हा जमिनीवर येऊन लवकर थिजला, याचा शिलारस जमिनीखाली सावकाश थिजला. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या भिंतीचा काळा दगड तर भारतातूनच, बंगळूरजवळच्या खाणींतून गेला. माया लिन यांच्या आराखड्यानुसार १९८२ साली उभ्या राहिलेल्या या भिंतीवर ५८ हजारांहून अधिक नावं आहेत आणि त्यांतले चौदा हजारांहून अधिक मरीन आहेत.

ती नावं वाचता येतात ती प्रकाशाच्या खेळामुळे. पॉलिश केलेला काळा दगड प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने परतवतो. अक्षरं वाळूसारख्या कणांचा मारा करून खरवडलेली आहेत. तो खडबडीत भाग प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि राखाडी दिसतो. अक्षरांत कुठलाही रंग भरलेला नाही. पाऊस आला की पाण्याची फिल्म त्या खडबडीत खाचा भरून टाकते, विखुरणं कमी होतं आणि नावं दगडात बुडाल्यासारखी पुसट होतात. भिंत वाळली की ती परत येतात.

पार्कपासून जवळच असलेल्या क्वाँटिको राष्ट्रीय दफनभूमीत पांढऱ्या संगमरवराचे शिलालेख रांगेने उभे आहेत. पांढरा रंग सुंदर, पण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्लाशी त्याचं हाडवैर. गंधकाच्या धुरातून झालेलं आम्ल त्याचं जिप्सम करून टाकतं आणि जिप्सम पावसात धुऊन जातं. शिवाय कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने प्रसरतो आणि आडव्या दिशेने आकसतो. त्यामुळे ऊन-सावलीच्या प्रत्येक फेऱ्यात कण एकमेकांपासून थोडे सुटतात. जुन्या शिळेवरून बोट फिरवलं तर पृष्ठभाग रवाळ लागतो आणि कण हाताला येतात. हवा स्वच्छ ठेवण्याच्या १९९० च्या कायद्यानंतर अमेरिकी वीजकेंद्रांतून सुटणारा सल्फर डायऑक्साइड नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. आम्लवर्षा रोखण्यासाठी केलेल्या त्या तरतुदींनी कितीतरी नावंही वाचवली.

दगडावर राहायला येणाऱ्या सजीवांमध्ये दगडफूल मुख्य. गोड्या मसाल्यात घालतो त्याचेच भाईबंद. बुरशी आणि शैवाल यांचा हा संसार ऑक्झॅलिक आम्ल सोडतो आणि त्याचे तंतू खनिजांच्या फटींत उतरतात. तो काढायला तारेचा ब्रश किंवा घरातलं ब्लीच कधीच वापरू नये. ब्रशने अक्षरांच्या कडा जातात, ब्लीचमधून मीठ मागे राहतं आणि ते पुढे आतून दगड फोडतं. अमेरिकेत यासाठी सौम्य जैवनाशक फवारून पावसावर सोडून देतात. दगड काही महिन्यांत आपोआप उजळतो.

हे ज्ञान आपल्या गावांतही तसंच्या तसं लागू पडतं. वेशीजवळ, देवळाच्या आवारात उभे असलेले वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्यांचीच स्मारकं आहेत, आणि बरेचसे बेसाल्टचे. बेसाल्टमधली ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही खनिजं गारगोटीपेक्षा लवकर कुजतात, आणि दगड सच्छिद्र असेल तर पाणी आत बसून राहतं. त्यावर हौसेने ऑइलपेंट चढवला की ओलावा आत कोंडतो आणि रंगाबरोबर कोरीवकामाचा पापुद्राही सुटतो. सिमेंटच्या चौथऱ्यात वीरगळ घट्ट बसवला तर सिमेंटमधले क्षार दगडात चढतात. त्यापेक्षा वीरगळ मातीतून उचलून निचरा होणाऱ्या खडीवर ठेवावा, स्वच्छ पाण्याने मऊ ब्रश फिरवावा आणि वाळू द्यावा. कोरीवकाम झिजलं असेल तर संध्याकाळी एका बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर असा टॉर्चचा प्रकाश टाकून फोटो काढावा. दुपारच्या उन्हात सपाट वाटणाऱ्या जागेवर तेव्हा ढाल आणि घोड्याचा पाय दिसू लागतो.