बंपरवरील खोल चऱ्यांची दुरुस्ती

मोटारीच्या रंगवलेल्या प्लास्टिक बंपरवर रंगाचे थर फोडून आत गेलेला चरा सपाट करून, भरून, त्या जागी नवा रंग बसवण्याचे काम. पुण्यात असे चरे पडायला निमित्त शोधावे लागत नाही. पेठांतले अरुंद बोळ, सोसायटीच्या तळघरातले खांब, सिग्नलला बाजूने घुसलेल्या दुचाकीचा लेगगार्ड, दुभाजकाची कड यांपैकी काहीही पुरते. बंपरचे कोपरे सर्वांत आधी घासले जातात.

कामाला हात घालण्यापूर्वी चरा किती खोल आहे ते पाहावे. बंपरवर प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून जाडी जेमतेम 0.1 मिलिमीटरच्या आसपास भरते. ओले बोट फिरवल्यावर पांढरी रेघ दिसेनाशी झाली, तर इजा क्लिअर कोटपुरती आहे आणि ती रबिंग कंपाउंडने निघते. नख अडकले तर चरा खोल आहे. तळाशी काळे किंवा राखाडी प्लास्टिक दिसले, तर पॉलिशने काहीही साधत नाही. मात्र पार्किंगच्या खांबांवरचा पिवळा-काळा रंग बंपरला चिकटून येतो आणि लांबून भयंकर चरा पडल्यासारखा दिसतो. आधी तो पुसून काढावा. खाली मूळ रंग शाबूत असल्याचे पुष्कळदा आढळते.

दुरुस्तीचे यश ठरते ते उघड्या पडलेल्या प्लास्टिकवर. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनमध्ये रबर आणि टाल्क या खनिजाची पूड मिसळून बनवतात. आतल्या बाजूला तशी खूण कोरलेली असते: ‘पीपी+ईपीडीएम-टीडी20’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन (पीपी), रबर (ईपीडीएम) आणि 20 टक्के टाल्क यांचे मिश्रण. या प्लास्टिकची पृष्ठऊर्जा फार कमी असते. त्यावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन गोळा होते, आणि रंगाचेही तेच होते. म्हणून कारखान्यात रंगापूर्वी बंपरवरून ज्योत फिरवून पृष्ठभाग रंग धरण्याजोगा करतात किंवा क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनचा पातळ थर देतात. गॅरेजात हेच काम प्लास्टिक प्रायमर, म्हणजे अधेशन प्रमोटर करतो. हा एक हात वगळला तरी पहिल्या दिवशी रंग झकास दिसतो. पुढे वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोराचा फवारा त्या कडेवर बसला की पोपडे निघतात आणि खालून स्वच्छ, गुळगुळीत प्लास्टिक डोकावते. रंगाचा कणही मागे राहिला नसेल, तर दोष रंगाचा नाही, पकडीचा आहे. म्हणून पेंटरला शेडबद्दल विचारण्याआधी प्लास्टिक प्रायमर मारणार का, हे विचारावे.

प्रत्यक्ष कामात आधी साबणाने, मग मेणकाढू द्रावणाने जागा पुसतात. धुलाईनंतर टायर आणि काळ्या प्लास्टिकवर चमक आणायला लावलेले सिलिकोन राहून गेले, तर नव्या रंगात बारीक खड्डे पडतात. पुसण्याआधीच घासले तर ते सिलिकोन चऱ्यात आणखी खोल जाते. चऱ्याच्या दोन्ही कडांना प्लास्टिक वर उचलले गेलेले असते. ती कड धारदार पात्याने कापून काढावी. नुसती घासायला गेले तर पॉलिप्रॉपिलीनवर लव उठते: बारीक, चिवट तंतू उभे राहतात आणि रंगानंतर खरखरीत दिसतात. मशीन वेगाने फिरवले तर प्लास्टिक तापून मऊ होते आणि लव वाढते. 180 नंबरच्या पॉलिशपेपरने सुरुवात करून 320, 400 असे हलक्या हाताने उतरत जावे. तरीही राहिलेली लव प्रमोटर आणि प्रायमर वाळल्यावर घासली की सहज कापली जाते.

चरा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरताना पत्र्यावरची नेहमीची लांबी इथे चालत नाही. बंपर दाबला की वाकतो. कडक लांबी वाकत नाही, तडकते. प्लास्टिकसाठीची लवचीक लांबी पातळ थरांत भरावी लागते.

रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर मिळतो, पण उन्हाने फिकटलेल्या गाडीला कोडचा रंग हुबेहूब जुळतोच असे नाही. साधा पांढरा किंवा लाल सोपा. मेटॅलिकमध्ये स्प्रे गनचे अंतर आणि दाब बदलला की रंगातल्या चमकदार धातूकणांची ठेवण बदलते आणि ठिगळ उठून दिसते. म्हणून बेस कोट आजूबाजूला विरत नेतात आणि क्लिअर कोट बंपरच्या कडेपर्यंत पूर्ण मारतात. पुण्याच्या पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये रंगवणे टाळावे. हवेतल्या दमटपणाने रंगावर पांढुरकी झाक येते. रंग कडक होण्यासाठी हार्डनर मिसळतात; त्यातील आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना घातक असते. तोंडाला रुमाल बांधून गन चालवणारी पोरे आजही दिसतात. त्यांना योग्य मास्क देणे ही मालकाची जबाबदारी आहे.

1 जुलै 2019 पासून नव्या प्रवासी गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. त्यांच्यावर लांबी किंवा रंगाचे जाड थर चढू देऊ नयेत. बंपरमागे रडार असेल, तर त्या भागात लांबी भरण्याआधी गाडीच्या कंपनीच्या सूचना पाहाव्यात.

नेहमीच्या विमा पॉलिसीत प्लास्टिकचे भाग बदलताना 50 टक्के घसारा कापला जातो आणि दावा केला की नो क्लेम बोनस जातो. एका कोपऱ्यासाठी दावा करणे बहुधा परवडत नाही.

अडकवण्याचे कान तुटले असतील किंवा बंपर फाटला असेल, तर नवा घेणे बरे. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात पुष्कळ गाड्यांचे बंपर मिळतात. त्यांतल्या न रंगवलेल्या बंपरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश असू शकतो. त्यामुळे तो नीट धुऊन, घासून, प्लास्टिक प्रायमर देऊनच रंगवावा लागतो.