तेल कोरडं, कागद ओला

मे संपत आला की मुंबईत ज्या कारखान्यांचं, इस्पितळांचं, मोठ्या आवारांचं स्वतःचं सबस्टेशन आहे तिथे एक लगबग सुरू होते: पावसाच्या आत ट्रान्सफॉर्मरचं ऑइल फिल्टर करून घ्यायचं. फिल्टर मशीन येते, दोन दिवस चालते, शेवटी बीडीव्ही, म्हणजे ऑइल किती व्होल्टेजला हार मानतं तो आकडा, काढला जातो. आधी ३२ केव्ही (किलोव्होल्ट) होता, आता ६४ आला. रिपोर्ट फायलीला लागतो आणि सगळे म्हणतात, "ट्रान्सफॉर्मर कोरडा झाला." कोरडं झालं ते ऑइल. ट्रान्सफॉर्मर जवळजवळ होता तेवढाच ओला आहे, कारण त्याचं पाणी ऑइलमध्ये राहतच नाही. ते राहतं कागदात.

ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत तांब्याच्या वेटोळ्यांवर क्राफ्ट कागदाचे थर गुंडाळलेले असतात, वेटोळ्यांमध्ये प्रेसबोर्डच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड पुठ्ठ्याच्या, पट्ट्या असतात, आणि हे सगळं ऑइलमध्ये बुडालेलं असतं. ऑइलची कामं दोन: फटीफटीत शिरून विजेला अडवणं आणि उष्णता बाहेर रेडिएटरपर्यंत नेणं. आता हिशेब करून बघू. २०,००० लिटर ऑइल, म्हणजे साधारण १७,६०० किलो, आणि २,००० किलो कागद-बोर्ड धरू. ऑइलमध्ये २० पीपीएम (दशलक्ष भागांत २० भाग, म्हणजे किलोला २० मिलिग्रॅम) पाणी असेल, तर ते होतं सगळं मिळून ३५० ग्रॅम. दीड पेला. कागदात २ टक्के ओलावा असेल, तर तिथलं पाणी ४० किलो, दोन बादल्या भरून. मशीनने दोन दिवस खपून काढला तो दीड पेला. दोन बादल्या जागच्या जागी आहेत.

तांदळाच्या डब्याला लागते तशी कागदालाही हवेतली ओल लागते, कारण तो सेल्युलोजचा आहे आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ आहे. खनिज तेलाला ती नाही. पण तेल तापलं की त्याची पाणी विरघळवून घेण्याची ताकद झपाट्याने वाढते. २० अंश सेल्सिअसला एका किलो ऑइलमध्ये जेमतेम ५५ मिलिग्रॅम पाणी मावतं, ६० अंशांना सुमारे २४०, ८० अंशांना ४५० च्या आसपास. लोड वाढून ऑइल तापलं की कागद पाणी सोडतो आणि ते ऑइलमध्ये येतं. ट्रान्सफॉर्मर थंडावला की ते कागदाकडे परत निघतं. जाणं-येणं सारख्या वेगाने होत नाही: बाहेर पडणं लवकर, परत मुरणं सावकाश. दोघांचा समतोल बसायला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि लोड तर तासातासाला बदलतो.

म्हणून फिल्टर केलेलं ऑइल काही आठवड्यांत कागदातून पुन्हा पाणी ओढून घेतं आणि बीडीव्ही घसरतो. मग दोष मशीनवाल्यावर जातो. त्याने काम चोख केलेलं असू शकतं.

त्याच कारणाने तापमान न लिहिलेला रिपोर्ट निरुपयोगी असतो. जानेवारीच्या पहाटे ३० अंशांच्या ऑइलचा नमुना घेतला, पाणी १० पीपीएम, उत्तम. त्याच ट्रान्सफॉर्मरचा नमुना मे महिन्याच्या दुपारी ६० अंशांना घेतला, पाणी ४० पीपीएम. वाचणाऱ्याला वाटतं, चार महिन्यांत चौपट पाणी शिरलं. एक थेंबही शिरलेला नसेल. कागदातलं पाणी ऑइलमध्ये आलं, इतकंच.

बीडीव्हीची टेस्ट जवळून बघण्यासारखी आहे. काचेच्या भांड्यात ऑइल, त्यात दोन गुळगुळीत धातूचे गोळे, मध्ये बरोबर २.५ मिलिमीटर फट. व्होल्टेज सेकंदाला २ केव्ही या वेगाने चढवत न्यायचं. एका क्षणी फटीत ठिणगी पडते. तो आकडा टिपायचा, दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा. असं सहा वेळा करून सरासरी काढतात. ठिणगी लवकर पडते ती ओल्या तंतूंमुळे. पाण्याचा विद्युत-अपार्यांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) ८०, तेलाचा २.२, त्यामुळे ओलावलेला कागदाचा तंतू जिथे विद्युतक्षेत्र सगळ्यात तीव्र तिकडेच खेचला जातो. एकामागे एक तंतू जोडले जाऊन फटीत पूल बांधतात आणि वीज त्यावरून पलीकडे जाते. म्हणूनच नुसत्या पीपीएमवरून काही ठरत नाही. ऑइल आपल्या क्षमतेच्या किती टक्के भरलंय ते महत्त्वाचं. ६० पीपीएम पाणी ६० अंशांना क्षमतेच्या फक्त पाव असतं. तेच ऑइल ३० अंशांवर आलं की क्षमता ८३ वर येते आणि भरणा ७२ टक्के होतो. ओला ट्रान्सफॉर्मर भर लोडवरून एकदम बंद केला, वर मुसळधार पावसाने टाकी थंड झाली, तर पाणी कागदात परत मुरायला वेळच मिळत नाही. अशा वेळी घाईने पुन्हा चार्ज करणं, म्हणजे वीज जोडणं, धोक्याचं.

उलट्या बाजूलाही धोका आहे. कागदात २ टक्के ओलावा असताना वेटोळ्यातला सगळ्यात गरम भाग १४० अंशांच्या आसपास गेला, तर कागदातून वाफेचे बुडबुडे सुटू शकतात. ओलावा जास्त असेल तर त्याहून कमी तापमानालाच सुटतात. बुडबुडा म्हणजे तेलातली कच्ची जागा.

शिवाय पाणी कागदाचं आयुष्यच खातं. सेल्युलोजच्या नव्या साखळीत हजारेक कड्या असतात. पाणी, आम्ल आणि उष्णता ती तोडत जातात. कड्या २०० च्या आसपास उरल्या की कागद बोटांत चुरगळतो. आणि साखळी तुटताना आणखी पाणी तयार होतं. म्हणजे टाकी अगदी हवाबंद असली तरी कागद स्वतःचं पाणी स्वतः बनवत राहतो. हे पाणी काढायचं तर व्हॅक्यूमखाली ऑइल ६० ते ६५ अंशांवर नेऊन नुसतं गाळणं पुरत नाही. गरम ऑइल फिरवून आतला सगळा गाभा तापवायचा, मग टाकीला व्हॅक्यूम द्यायचा, आणि हे चक्र पुन्हा पुन्हा करायचं. नाहीतर मॉलिक्युलर सीव्हचा, म्हणजे पाणी शोषणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या दाण्यांचा, खांब जोडून महिनोन्महिने हळूहळू शोषून घ्यायचं.

नमुना घेण्याच्या चुका इतक्या होतात की थोडं सांगायला हवं. पाऊस पडत असताना नमुना घेऊ नये. खालचा व्हॉल्व्ह आधी कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावा, पहिलं लिटर-दोन लिटर ऑइल वेगळ्या बादलीत सोडून द्यावं, बाटली त्याच ऑइलने विसळावी आणि मग धार काचेला लावून, बुडबुडे न करता भरावी. ऑइलचं तापमान तिथेच लेबलवर लिहावं. कापसाच्या बोळ्याने बाटली पुसली तर तोच तंतू टेस्टमध्ये पूल बांधायला हजर असतो.

नवं ऑइल घेताना आयएस ३३५ हे भारतीय मानक बघायचं. २०१८ मध्ये ते सुधारलं. ४० अंशांना स्निग्धता १२ पेक्षा जास्त नको, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला ऑइलची वाफ पेट घेऊ शकते ते) १३५ अंशांच्या खाली नको, आम्लता ०.०१ च्या वर नको, आणि क्षरणकारी गंधक अजिबात नको, कारण ते तांब्याशी मिळून कॉपर सल्फाइड करतं आणि तो वाहक थर कागदावर बसतो. मुंबईत गोठणबिंदूची काळजी करायचं कारण नाही. ड्रम कसे ठेवलेत त्याची मात्र करावी. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या ड्रमच्या माथ्यावर पाणी साचतं, रात्री ड्रम गार झाला की आतली हवा आकसते आणि बुचातून ते पाणी ओढलं जातं. ड्रम छपराखाली आडवे ठेवायचे, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे आतून ऑइलखाली राहतात.

ऑइल काळं दिसलं म्हणून फेकून देण्याची घाईही बरी नव्हे. निवाडा आम्लता आणि आंतरपृष्ठीय ताण (ऑइल आणि पाणी एकमेकांना टेकतात तिथला ताण) यांवर करायचा. नव्या ऑइलचा ताण ४० च्या वर असतो. २० च्या खाली उतरला की स्लज, म्हणजे चिकट गाळ, साचण्याची भीती, आणि स्लज थंडाव्याच्या वाटाच बुजवतो. तरीही ऑइल वाचवता येतं: ते फुलर्स अर्थमधून, म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्या जातीच्या मातीतून गाळतात. माती आम्लं धरून ठेवते. इनहिबिटेड ऑइलमधला इनहिबिटर, म्हणजे ऑइल लवकर खराब होऊ न देणारं रसायन, यात कमी होतो, तो मागाहून साधारण ०.३ टक्क्यांपर्यंत घालायला विसरू नये.

डीजीए म्हणजे विरघळलेल्या वायूंची तपासणी, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढंच: अ‍ॅसिटिलीन दिसला की आत ठिणग्या पडत आहेत असं समजावं, आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत गेला तर कागद जळतोय अशी शंका घ्यावी.

जुनं "डीपीचं तेल" गुडघ्याला चोळलं की सांधेदुखी जाते, हा समज मात्र मोडायलाच हवा. ते पेट्रोलियमचं तेल आहे, औषध नाही. फार जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये त्यात पीसीबीसारखी विषारी द्रव्यंही असू शकतात. आणि व्हॉल्व्हमधून तेल चोरीला गेलं की वेटोळी उघडी पडतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

आता पावसाळ्यात रोज बघायची गोष्ट: ब्रीदर, म्हणजे आत जाणारी हवा कोरडी करणारा सिलिका जेलचा डबा. ऑइल तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं, आणि कॉन्झर्वेटर, म्हणजे मुख्य टाकीच्या वरची ऑइलची छोटी टाकी, त्याच्या जागी बाहेरची हवा ओढतो. आपल्या २०,००० लिटरच्या ट्रान्सफॉर्मरचं ऑइल दिवसभरात २० अंशांनी खालीवर झालं, तर त्याचा श्वास ३०० लिटरचा. जुलैत मुंबईच्या ३० अंशांच्या, ८५ टक्के दमट हवेत घनमीटरला २६ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे रोज जवळपास ८ ग्रॅम, चार महिन्यांत सुमारे एक किलो. ब्रीदर निकामी असेल तर ते सगळं ऑइलमार्गे कागदात जातं. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं पाणी घेऊन थकतं, तेव्हा ५ किलोचा ब्रीदर एक पावसाळा कसाबसा काढतो. निळं जेल गुलाबी झालं की बदलायचं किंवा भट्टीत वाळवायचं. नारिंगी प्रकार हिरवट होतो. खालच्या कपात खुणेपर्यंत ऑइल हवं, तरच बाहेरची हवा जेलला सतत लागत नाही. आणि रंग कुठून बदलतोय तेही बघायचं. हवा खालून येते, म्हणून जेल खालून वर गुलाबी होत गेलं पाहिजे. वरचा थर आधी गुलाबी झाला, तर हवा कपातून येत नाहीये. ब्रीदरच्या वरचा पाइप किंवा त्याचं गॅस्केट गळतंय, आणि आधी ते बदलायला हवं.