शेवटच्या पानावरचं वजन : अद्‌भुतकथा आणि विज्ञानकथांमधल्या जाड नायक-नायिका

१९०३ साली ‘स्ट्रँड’ मासिकात एच. जी. वेल्स यांची एक लघुकथा छापून आली. तिचा नायक पायक्राफ्ट हा लंडनमधल्या एका क्लबचा जाडजूड सभासद. निवेदकाच्या पणजीकडून चालत आलेली एका औषधाची कृती तो हट्टाने मिळवतो आणि घेतो. त्याला वजन कमी करायचं असतं. काही दिवसांनी निवेदक त्याच्या घरी जातो, तर खोलीत कुणीच दिसत नाही, आवाज मात्र वरून येतो. पायक्राफ्ट दाराच्या वरच्या अंगाला, छताला टेकून तरंगत असतो. वजन पार गेलंय आणि चरबी जिथल्या तिथे आहे. निवेदक त्याला सुनावतो, की तुला घालवायची होती जाडी, पण तू कायम ‘वजन’ म्हणत राहिलास. मग जमिनीवर टिकण्यासाठी त्याला कपड्यांच्या आत शिशाचे पत्रे घालावे लागतात.

जाड माणूस या कथाप्रकारांत पुढे कसा वावरला, हे समजून घ्यायला ही गोष्ट फार उपयोगी पडते. लठ्ठपणा हा शब्दसुद्धा न उच्चारण्याइतका लाजिरवाणा, त्यावर विचित्र विज्ञानाचा उतारा, आणि त्यातून उरतो तो फक्त हशा. मी ‘जाड’ हाच शब्द वापरणार आहे. ‘खात्यापित्या घरचा’, ‘हेल्दी’ अशी आडवळणं आपण घेतो ती पायक्राफ्टच्याच भीतीपोटी.

बारीक नायक आणि जाड सोबती ही जोडी त्याही आधीची आहे. १६०५ मध्ये सर्व्हान्टेसने किडकिडीत डॉन किहोते घोड्यावर बसवला आणि त्याच्या मागे गाढवावरून सांचो पान्सा निघाला. ‘पान्सा’ म्हणजे स्पॅनिशमध्ये पोटच. स्वप्नं पाहणारा बारीक आणि भूक लागणारा जाडा, हा साचा तेव्हापासून पक्का बसला. महाभारतात तसं नाही. भीमाला वृकोदर म्हणतात ते कौतुकानेच, आणि त्याचं खाणं त्याच्या बळापासून वेगळं काढता येत नाही. युरोपातून आलेल्या साहसकथेत मात्र ढेरपोट्याच्या वाट्याला पिशव्या सांभाळण्याचं काम आलं.

विसाव्या शतकात या साच्याला विज्ञानाची झूल चढली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४०च्या सुमारास माणसांच्या शरीराचे तीन प्रकार पाडले आणि प्रत्येकाला एक स्वभाव चिकटवला. गोलसर बांध्याचा तो आरामप्रिय आणि खादाड, पिळदार तो धाडसी, सडपातळ तो विचारी. हे स्वभावशास्त्र पुढे टिकलं नाही. पण स्वस्त मासिकांतल्या कथांचे नायक पाहिले तर सगळे शेल्डनच्या दुसऱ्या खान्यातले. तिसऱ्यातले शास्त्रज्ञ होत, आणि पहिल्या खान्यातून स्वयंपाकी किंवा सावकार येत असे.

विज्ञानकथेपाशी आणखी एक सबब होती, ती म्हणजे रॉकेट. ‘मर्क्युरी’ मोहिमेसाठी १९५९ मध्ये नासाने अंतराळवीर निवडले तेव्हा उंची ५ फूट ११ इंच आणि वजन १८० पौंड, म्हणजे साधारण ८२ किलो, ही कमाल मर्यादा होती. त्याआधी १९५४ मध्ये टॉम गॉडविन यांची एक गाजलेली कथा आली होती. तिच्यात एक मुलगी यानात लपून बसते, आणि तिच्या वजनाचं इंधन नाही म्हणून तिला बाहेर ढकलावं लागतं. जिथे किलोकिलोचा हिशोब चालतो तिथे जाड नायक कुठला, असं संपादकांना वाटत असेल तर नवल नाही. पण एकदा यान कक्षेत पोचलं, की वजन जाणवेनासं होतं. जिने, अरुंद खुर्च्या, धाप, यातलं काहीच उरत नाही. या मुक्कामावर जाड माणसाला नेऊन पाहावं, असं त्या काळात किती थोड्यांना सुचलं!

एकाला सुचलं म्हणायला हरकत नाही. पोल अँडरसन यांचा निकोलस व्हॅन राइन १९५६ मध्ये अवतरला. हा अंतराळातला व्यापारी अगडबंब आहे, बोलतो रांगडं, आणि खाणंपिणं मनसोक्त. १९५८च्या ‘द मॅन हू काउंट्स’मध्ये त्याचं यान एका परक्या ग्रहावर कोसळतं. तिथलं सगळं अन्न माणसाला विषारी, आणि सोबतची शिदोरी थोडे दिवस पुरेल एवढीच. बरोबर एक उमदा, घाम गाळणारा इंजिनिअर आहे आणि एक राजघराण्यातली स्त्री. यंत्रं बनवणं, राबणं, सगळं इंजिनिअर करतो. व्हॅन राइन ओरडतो, रडगाणी गातो, थापा मारतो, आणि त्या ग्रहावरच्या दोन पंखवाल्या जमातींना असं काही एकमेकींसमोर आणतो की सगळ्यांचा जीव वाचतो. शेवटी इंजिनिअर चिडतो, की या माणसाने केलं तरी काय? ती स्त्री त्याला समजावते, की सगळ्यांकडून काम करून घेणारा तोच, म्हणून मोलाचा माणूस तोच. आणि ती निवडतेही व्हॅन राइनलाच. १९५८ साली! कादंबरी संपते तेव्हा तो तितकाच जाड असतो. मला तो पहिला खरा जाड नायक वाटतो, त्याच्या साऱ्या उद्धटपणासकट.

शेवटी तितकाच जाड. माझी कसोटी हीच आहे. किती गोष्टींत जाड माणसं आहेत याची मोजदाद करत बसण्यापेक्षा, शूर ठरल्यावर त्यांचं शरीर तसंच राहू दिलं का, हे मी पाहते.

टोल्किन यांच्याकडे दोन्ही नमुने सापडतात. १९३७च्या ‘द हॉबिट’चा नायकच पोटाने गोलसर जमातीतला आहे आणि त्याबद्दल त्याला कुणी हिणवत नाही. त्याच पुस्तकातला बॉम्बुर हा बुटका मात्र सतत ओझं ठरतो. मंतरलेल्या ओढ्यात पडून झोपी जातो आणि बाकीच्यांना त्याला उचलून न्यावं लागतं. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या पुढच्या महाकादंबरीत बातमी येते, की आता त्याला टेबलापर्यंत उचलून न्यायला सहा तरुण बुटके लागतात. माझा जीव अडकतो तो तिच्यातल्याच फ्रेडेगर बोल्जर या हॉबिटमध्ये. मित्र त्याला ‘फॅटी’ म्हणतात. तो मोहिमेवर जात नाही, मागे थांबतो. गावावर गुंडांचं राज्य येतं तेव्हा हाच डोंगरात बंडखोरांची टोळी चालवतो, पकडला जातो, कोठडीत उपाशी राहतो. सोडवतात तेव्हा त्याला चालवतही नाही, आणि आता तो ‘फॅटी’ राहिलेला नाही असं लेखक नोंदवतो. त्याचं धाडस पानाआड घडतं, आपल्याला दिसतं ते फक्त झडलेलं शरीर.

खलनायकांचं काम सोपं होतं. १९६५च्या ‘ड्यून’मधला बॅरन हार्कोनन इतका अवाढव्य, की अंगाला गुरुत्व पेलणारी यंत्रं बांधून चालतो. वजन दोनशे किलो, पावलांवर येतो तो पन्नासच किलोंचा भार. पायक्राफ्टचंच हे तरंगणं, फक्त हशाच्या जागी किळस आली. जाडी म्हणजे हाव हे समीकरण इथे इतकं उघड आहे, की त्या माणसाचा दुष्टपणा वेगळा सांगावाच लागत नाही.

कॉमिक्समध्ये सुरुवात बरी झाली होती. १९४२ मध्ये वंडर वुमनची मैत्रीण म्हणून आलेली एटा कँडी जाड, गोडघाशी आणि बेधडक होती. कॉलेजातल्या मुलींची फौज घेऊन ती शत्रूवर तुटून पडे. १९६१चा बाउन्सिंग बॉय चेंडूसारखा फुगून उसळायचा, तिथे शक्ती आणि चेष्टा एकच होती. १९८६ मध्ये आलेली अमांडा वॉलर ही जाड, मध्यमवयीन, कृष्णवर्णीय बाई सगळ्या महानायकांना दरडावू शकत असे. तिला एकही जादू येत नव्हती. २०११ मध्ये डीसी या कॉमिक्स कंपनीने आपलं सगळं विश्व नव्याने मांडलं तेव्हा वॉलर सडपातळ झाली आणि एटासुद्धा. कथेत कारण दिलं नाही. वाचक चिडले, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

या चिडण्यामागे एक चळवळ होती. अमेरिकेत जाड लोकांच्या हक्कांसाठीची ‘नाफा’ ही संघटना १९६९ मध्ये स्थापन झाली. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘फॅट अंडरग्राउंड’ गटातल्या दोन स्त्रियांनी जाड माणसांच्या मुक्तीचा जाहीरनामा लिहिला. त्यात वजन घटवण्याचा धंदा करणाऱ्यांवर थेट आरोप होता. कथांपर्यंत हे वारं पोचायला वेळ लागला. टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी अद्‌भुतकथामालिकेतली अ‍ॅग्नेस निट १९९५च्या कादंबरीत ऑपेरात जाते. तिचा आवाज अलौकिक, पण रंगमंचावर उभी राहते एक बारीक, बेसूर मुलगी, आणि अ‍ॅग्नेस कोरसमध्ये उभी राहून तिच्यासाठी गाते. प्रत्येक जाड मुलीच्या आत एक बारीक मुलगी दडलेली असते, या शिळ्या वाक्यावरून प्रॅचेट यांनी अ‍ॅग्नेसच्या डोक्यात खरोखरच पर्डिटा नावाची दुसरी मुलगी बसवली. १९९८च्या पुस्तकात रक्तपिपासू मंडळी अ‍ॅग्नेसचं मन ताब्यात घेतात तेव्हा हीच पर्डिटा वर येऊन तिला वाचवते. जाडीवरचे विनोद मात्र तिथेही चालूच राहतात, आणि मला ते टोचतात.

१९९४च्या ‘मिरर डान्स’मध्ये लोइस मॅकमास्टर ब्युजोल्ड यांनी वेगळीच वाट काढली. मार्क हा एका प्रसिद्ध वीराची हुबेहूब नक्कल म्हणून घडवलेला क्लोन. त्याला दुसऱ्याच्या मापात बसवण्यासाठी लहानपणापासून कापलं-शिवलं गेलंय. वाढलेली जाडी तो ठेवून देतो, म्हणजे पुन्हा कुणी आपल्याला त्या वीराच्या, म्हणजे भावाच्या, जागी धरणार नाही. स्वतःचं म्हणून त्याला मिळालेलं ते पहिलं शरीर.

त्यानंतर पात्रं वाढली. १९९६ मध्ये ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये आलेला सॅमवेल टार्ली स्वतःला भित्रा म्हणवतो, आणि काचेच्या खंजिराने हिमराक्षसाला मारतो तो धापा टाकतच. रे कार्सन यांची २०११ची राजकन्या एलिसा जाड म्हणून गोष्टीत येते. तिचं अपहरण होतं, वाळवंट तुडवावं लागतं, अंगावरचं मांस झडतं, आणि मग ती नेता बनते. वाळवंट तुडवल्यावर वजन उतरणारच, हे खरं. पण वाळवंट निवडलं लेखिकेने. पडद्यावर २०१९ मध्ये मार्व्हलच्या चित्रपटातला महानायक थॉर दुःखाने जाड झाला. प्रेक्षक हसले, तरी त्याचा हातोडा त्याच्या हातात परत आला आणि शेवटची लढाई तो तशाच शरीराने लढला. २०२२च्या पुढच्या चित्रपटात सुरुवातीच्या काही मिनिटांतच व्यायाम करून ते पोट गायब. मुळात तो सूट होता, आत नट पिळदारच होता.

म्हणून मला फेथ हर्बर्टकडे पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं. व्हॅलियंट या प्रकाशनाच्या ‘हार्बिंजर’ कॉमिक्समध्ये ती १९९२ सालीच आली, चमूतली एक म्हणून. स्वतःची मालिका मिळायला २०१६ उजाडलं. जोडी हाउसर यांनी लिहिलेल्या त्या मालिकेत ती दिवसा टोपणनावाने नोकरी करते, विज्ञानकथांची वेडी आहे, आणि रात्री अंगासरशी पांढरा पोशाख घालून शहरावरून उडते. तिच्या शक्तीचा जाडीशी संबंध नाही, ना कारण म्हणून, ना अडचण म्हणून. पायक्राफ्ट छताला चिकटला तेव्हा त्याला खाली यायचं होतं, आणि बॅरन तरंगतो कारण त्याला स्वतःचा भार पेलवत नाही. फेथ उडते, कारण तिला उडायला आवडतं.