हृदयाला वास येतो म्हणे!

'तुमच्या हृदयालाही वास येतो' अशी एक पोस्ट मध्यंतरी फिरत होती. तिच्या शेपटाला कुठलंसं सुगंधी तेल विकायला चिकटवलेलं. तेलाचं सोडा, पण पोस्ट अगदीच थाप नव्हती. वास ओळखणारी काही ग्राही प्रथिनं प्रोस्टेट, मूत्रपिंड, हृदय अशा ठिकाणी सापडल्याचे शोधनिबंध आहेत. ती सापडतात कशी, हे मात्र कुणी सांगत नाही.

या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चं नोबेल त्यासाठीच. माणसात अशी सुमारे ४०० जनुकं चालू स्थितीत आहेत. त्यांतलं एखादं प्रथिन ऊतीत आहे का, हे पाहायला फक्त त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी लागते. अँटिबॉडी म्हणजे शरीरात शिरलेल्या परक्या गोष्टीला पकडणारं प्रथिन. हवं ते प्रथिन टोचलं की ती बहुधा ससा बनवून देतो.

ग्राही म्हणजे तीनशेहून थोड्या जास्त अमिनो आम्लांची साखळी. गोधडीतल्या धावदोऱ्यासारखी ती पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाते. बराचसा भाग पटलाच्या मेदात बुडालेला. बाहेर डोकावतात ती दोन टोकं आणि मधले वळसे. पटलातून उपटलं की या प्रथिनाचा गोळा होतो, त्यामुळे ते अख्खं टोचणं महाकठीण. मग टोकाकडचा पंधरा-वीस अमिनो आम्लांचा तुकडा प्रयोगशाळेत बनवतात. एवढ्याशा तुकड्याला सशाचं शरीर भीक घालत नाही, म्हणून तो एका समुद्री गोगलगायीच्या निळ्या रक्तातल्या भल्यामोठ्या प्रथिनावर डकवून टोचतात.

तुकडा कुठला घ्यायचा, इथे खरी मेख आहे. साखळीचा तिसरा फेरा संपतो तिथे बहुतेक सगळ्या वासग्राहींत जवळपास एकच ओळ असते: मेथिओनिन, अ‍ॅलानिन, टायरोसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, आर्जिनिन, पुन्हा टायरोसिन... तो भाग घेतलात तर अँटिबॉडी सगळ्या भावंडांना मिठी मारणार. परळच्या हाफकिनचं सर्पदंशावरचं औषध म्हणजेही घोड्याच्या रक्तातल्या अँटिबॉडीज. तिथे नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच औषध चालतं, आणि तसंच हवं असतं. इथे चारशेंतला एकच धरायचाय.

अँटिबॉडी नेमकं कशाला धरते, हे पाहायची चाचणी म्हणजे वेस्टर्न ब्लॉट. प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवायची, त्यावर अँटिबॉडी सोडायची. ती चिकटेल तिथे पट्टा दिसतो. तो ३५ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास यायला हवा. सवयीने नमुना उकळलात तर ग्राही एकमेकांना चिकटून जेलच्या तोंडाशीच अडकू शकतात. पट्टा ५० ला आला तर 'साखर जोडली गेली असेल', ७० ला आला तर 'जोडी जमली असेल'. दोन्ही शक्य असतं, म्हणून तर पळवाट सोयीची.

वासाच्या नावावर काहीही खपतं. लोकलमध्ये कुणाला फिट आली की आजही कुणीतरी कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरतोच. झटका बहुतेकदा एक-दोन मिनिटांत आपणहून थांबतो आणि श्रेय चपलेला जातं.

शास्त्रज्ञांचीही फसगत होऊ शकते. शुक्राणूंवरचा एक वासग्राही बूर्जनाल नावाचं सुगंधी रसायन ओळखतो, हे २००३ मध्ये गाजलं. २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की बूर्जनाल शुक्राणूची कॅटस्पर ही कॅल्शियम-वाहिनी, म्हणजे कॅल्शियम आत सोडणारं दार, थेट उघडतं. मध्ये ग्राही नसला तरी चालावं.

त्यामुळे अशी अँटिबॉडी मागवण्याआधी मी कॅटलॉगमध्ये एकच चित्र शोधतो: ते जनुक काढून टाकलेल्या पेशींचा ब्लॉट. तिथेही पट्टा तसाच असेल, तर ती भलत्यालाच चिकटतेय. आणि चित्रच नसेल, तर मी पान उलटतो.