चुकांच्या ढिगातून उभा राहिलेला टप्पा: यूएक्समधील विश्लेषणाची पार्श्वभूमी

यूएक्सच्या, म्हणजे एखादी वस्तू किंवा अ‍ॅप वापरणाऱ्याचा अनुभव घडवण्याच्या, कामात वेळ कमी पडला की पहिली कात्री विश्लेषणाला, म्हणजे जमवलेल्या नोंदींचा अर्थ लावण्याच्या टप्प्याला, लागते. मुलाखती झाल्या, नोंदी हाती आल्या, मग लगेच स्क्रीनचे आराखडे काढायला घेतले जातात. हा टप्पा आला कुठून ते पाहिलं, तर ही घाई मला फार खटकते.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वैमानिकांच्या ४६० चुकांची छाननी केली. ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का मारून ते थांबले नाहीत. काय घडलं, त्यानुसार त्यांनी चुकांची वर्गवारी लावली. जवळपास निम्म्या चुका एकाच जातीच्या निघाल्या: एका दांड्याऐवजी भलताच दांडा ओढला गेला होता. बी-२५ विमानात दांड्यांचा क्रम थ्रॉटल, प्रोपेलर, इंधनमिश्रण असा. सी-४७ मध्ये प्रोपेलर पहिला. सी-८२ मध्ये मिश्रण पहिलं. एका विमानावर बसलेला हात दुसऱ्या विमानात सवयीनेच चुकणार. एकेक किस्सा सुटा वाचून हे हाती लागलं नसतं. ते शेजारी शेजारी मांडल्यावर दोष माणसाकडून मांडणीकडे सरकला.

ही मांडण्याची कला सर्वांत सुंदर रीतीने दाखवली ती जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी. नेपाळमध्ये केलेल्या अभ्यासाच्या नोंदींचा पसारा आवरताना घडत गेलेली त्यांची ‘केजे पद्धत’ १९६० च्या दशकात पुढे आली. एका चिठ्ठीवर एकच नोंद. सगळ्या चिठ्ठ्या पसरायच्या, जवळच्या वाटतील त्या एकत्र आणायच्या आणि गटाला नाव सर्वांत शेवटी द्यायचं. कप्पे आधी आखले, तर आपल्याला हवं तेच त्यांत भरलं जातं. आज भिंतीवर स्टिकी नोट्स लावताना अनेक टीम नेमकं हेच विसरतात.

पुढे झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ (PARC) या संशोधन केंद्रात मानववंशशास्त्रज्ञ ल्युसी सचमन यांनी फोटोकॉपी यंत्राशी झगडणाऱ्यांच्या चित्रफिती तपासल्या. माणसाने केलेलं यंत्राला किती कळतं आणि किती कळतच नाही, हे त्यांनी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलं. १९८७ च्या त्यांच्या पुस्तकातले ते तक्ते आजही डोळे उघडतात.

१९९० च्या दशकात ह्यू बायर आणि कॅरन होल्ट्झब्लॅट या डिझाइन अभ्यासकांनी प्रत्यक्ष कामाच्या जागी घेतलेल्या नोंदींना चिठ्ठ्यांच्या मांडणीची जोड दिली. १९९९ च्या आयएसओ १३४०७ या आंतरराष्ट्रीय मानकात वापराचा संदर्भ समजून घेणं आणि गरजा निश्चित करणं, ही डिझाइनचे पर्याय तयार करण्यापासून वेगळी कामं म्हणून नोंदली गेली.