प्रीकास्ट आणि मॉड्युलर: कार्बन नक्की कुठे वाचतो?

मराठी घरात ‘मॉड्युलर’ हा शब्द आला तो स्वयंपाकघरातून. त्यामुळे इमारतीच्या जाहिरातीत तो दिसला, की कारखान्यात बनलेलं सगळंच मॉड्युलर अशी समजूत होते. तिच्या मागोमाग दुसरी येते: कारखान्यात बनलं म्हणजे कार्बन कमी. मला ही दुसरी जास्त काळजीची वाटते.

आधी फरक पाहू. केंद्र सरकारच्या ‘लाइट हाउस’ योजनेत जानेवारी २०२१ मध्ये सहा शहरांत सहा वेगळ्या तंत्रांनी घरं बांधायला घेतली. चेन्नईतली १,१५२ घरं प्रीकास्टची. म्हणजे भिंती, तुळया, स्लॅब सुटे ओतायचे, क्रेनने जागेवर बसवायचे आणि सांध्यांत ग्राउट (सिमेंटचा पातळ मसाला) भरायचं. रांचीतल्या १,००८ घरांसाठी मात्र अख्खी खोलीच खोक्यासारखी तयार करून एकावर एक रचण्याची पद्धत निवडली. मॉड्युलर म्हणतात ते याला. नवी मुंबईत बामणडोंगरीला सिडकोची ९६ घरांची इमारत २०२२ मध्ये ९६ दिवसांत उभी राहिली, तीही प्रीकास्टचीच, मॉड्युलर नव्हे.

आता कार्बन. सिमेंट बनतं चुनखडी भाजून. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली, की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीला उद्या कितीही स्वच्छ ऊर्जा दिली, तरी हा ४४ किलोंचा हिशेब बदलत नाही. म्हणून पद्धत कोणतीही असो, पहिला प्रश्न एकच: सिमेंट आणि स्टील किती लागलं?

इथे काँक्रीटचा खोका अडचणीत येतो. शेजारशेजारच्या दोन खोल्या आपापली भिंत घेऊन येतात, म्हणजे एका भिंतीच्या जागी दोन. खालच्या खोलीचं छत आणि वरचीची जमीन यांचंही तसंच. शिवाय क्रेनने उचलताना तडा जाऊ नये म्हणून प्रत्येक खोका जास्त मजबूत करावा लागतो. काही ठिकाणी यावर तोड म्हणून खोक्याची एक बाजू उघडीच ठेवतात. प्रीकास्टमध्ये भिंत दोन्ही खोल्यांना सामाईक असते.

खोका वाहून नेणं म्हणजे हवा वाहून नेणं, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. काँक्रीटच्या बाबतीत तो तितका लागू पडत नाही. ३ बाय ६ मीटरची, ३ मीटर उंच खोली घ्या. चारी भिंती, तळ आणि छत १० सेंटिमीटर जाडीचे धरले तर साधारण ९ घनमीटर काँक्रीट होतं, म्हणजे सुमारे २२ टन. ट्रेलर जागेआधी वजनानेच भरत येतो, मग खोका न्या की सुट्या भिंती. आक्षेप खरा ठरतो तो हलक्या स्टीलच्या खोक्यांबाबत.

पण मॉड्युलरची सर्वात चांगली उदाहरणंही त्याच हलक्या खोक्यांची आहेत. लंडनच्या क्रॉयडन भागात स्टीलच्या सांगाड्याच्या खोल्या रचून ४४ मजली इमारत उभी केली. केंब्रिज आणि एडिनबरा नेपियर विद्यापीठांनी २०२२ मध्ये ती आणि लंडनमधलीच आणखी एक इमारत तपासली. बांधकामाच्या साहित्यात गुंतलेला कार्बन नेहमीच्या पद्धतीपेक्षा ४१ ते ४५ टक्के कमी निघाला. माझ्या मते याचं श्रेय कारखान्याच्या छपरापेक्षा कमी झालेल्या वजनाला जास्त द्यायला हवं. वर वजन कमी, तर पायाही लहान.

प्रीकास्टची खोच वेगळीच आहे आणि ती माहितीपत्रकात सापडत नाही. यार्डात, म्हणजे सुटे भाग ओततात त्या कारखान्यात, साचा रोज मोकळा व्हावा लागतो. आज ओतलेली भिंत उद्या सकाळी उचलायची, तर काँक्रीटने एका रात्रीत ताकद धरली पाहिजे. वीज केंद्राची राख किंवा लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी (स्लॅग) मिसळलेलं सिमेंट कार्बनच्या दृष्टीने चांगलं, पण सुरुवातीला संथ. म्हणून यार्डाचा ओढा शुद्ध सिमेंटकडे जातो, तेही जास्त प्रमाणात, आणि वर वाफेचा शेक. साइटवर सेंटरिंग तसंही कित्येक दिवस ठेवतात, तिथे संथ सिमेंट चालून जातं. थोडक्यात, यार्डात वाया जाणारा माल कमी होतो, पण प्रत्येक घनमीटरमागचा कार्बन वाढू शकतो.

वाट आहे. पोकळ गाभ्याचे स्लॅब ओतले तर काँक्रीटच कमी लागतं. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घालून क्लिंकर (चुनखडी भाजून होणारा सिमेंटचा मुख्य घटक) निम्म्यावर आणणारं सिमेंटही आता भारतीय मानकात बसलं आहे, आणि ते राखेच्या सिमेंटपेक्षा लवकर ताकद धरतं. एका रात्रीत साचा सोडवणं त्यालाही सोपं नाही. त्यासाठी यार्डात जास्तीचे साचे लागतील आणि त्यांचा खर्च कुणीतरी उचलावा लागेल.

शेवटचा फरक इमारत उतरवताना कळतो. बोल्टने जोडलेला स्टीलचा खोका सोडवून दुसरीकडे वापरता येतो. ग्राउट भरलेला काँक्रीटचा सांधा सहसा फोडावाच लागतो.